ताटावरून घर ओळखणारी मावशी

शाळेच्या भोजनगृहात खरकटी ताटं घ्यायला एक बुटकी खिडकी होती आणि खिडकीमागे गेली एकोणीस वर्षं मावशी होती. तिला भलत्या चौकशा! पोरांची तोंडं दिसत नसत, दिसत ती नंबर कोरलेली ताटं. त्यांवरून ती घर ओळखायची. चाटूनपुसून आलं तर हातावर पोट असलेलं, भाजी कडेला सारलेली असली तर भरलेलं. "तू ज्योतिषीच व्हायचीस," आचारीण म्हणायची आणि मावशी फुशारून जायची.

फुकट जेवणाच्या जागा मोजक्या होत्या आणि वाट बघणारी मुलं ढीगभर. म्हणून एकदा व्यवस्थापिकेनं विचारलं, "मावशी, अन्न कोण टाकतं?"

"एकेचाळीस नंबर! पाव तेवढा संपलेला असतो, भाजीला बोट लागलेलं नसतं. लाडावलेलं पोर दिसतंय, घरी मुबलक असणार."

"मग सोमवारपासून तिचं नाव कमी करते."

मावशीला आता या लाडोबाचं तोंड बघायचं होतं. ती हात पुसत बाहेर आली. एकेचाळीस नंबर पुढ्यात घेऊन बसली होती सहावीतली एक काटकुळी पोर. स्वेटरच्या दोन्ही कोपरांना ठिगळं.

"का गं, भाजी का खात नाहीस?"

"कशी लागते माहीत नाही."

"घरी काय करतात?"

"बटाटा. बटाटा कुणी टाकत नाही. आई म्हणते, नवं काही आणलं आणि धाकट्यानं थुंकलं, तर त्या दिवशी दुसरं काय देणार?"

मावशीनंही दोन पोरं याच हिशेबानं वाढवली होती, आणि तीच एवढी ढळढळीत चुकली! तिला स्वतःची लाज वाटली. ती तडक व्यवस्थापिकेकडे गेली.

"बाई, मी चुकले. ते चोचले नाहीत, नवं खायची धास्ती आहे. नाव राहू द्या."

व्यवस्थापिकेनं वाट बघणाऱ्यांच्या यादीवरून बोट फिरवलं. "पंधरा दिवस देते. पण मग ताट रिकामं यायला हवं."

दुसऱ्या दिवशी मावशीनं पोरीला खिडकीमागे बसवलं. पुढ्यात उकडलेल्या बिटाच्या फोडी आणि एक रिकामी वाटी.

"एकच फोड खा. नाही आवडली तर वाटीत थुंक. खरकटं काढणं हेच माझं काम, मला काय त्याचं!"

"तुम्हाला आवडतं?"

बादल्या भरभरून बीट मावशीनं खरवडलं होतं, तोंडात कधी टाकलं नव्हतं. तिनं एक फोड उचलली, चावली आणि आधी तीच वाटीत थुंकली.

"ई! माती खाल्ल्यासारखं लागतंय."

पोर पोट धरून हसली. मग तिनंही फोड खाल्ली आणि थुंकली. तिसऱ्या दिवशी अर्धी गिळली. आठव्या दिवशी तोंड वाकडं न करता एक. मावशी रोज सोबतीला बसायची, पण "माझी फोड खाऊन झाली गं मघाशीच" म्हणून सांगायची.

पंधराव्या दिवशी एकेचाळीस नंबर खिडकीतून आत सरकलं ते लख्ख. मावशीला संशय आला. तिनं बाहेर येऊन बाकाखाली पाहिलं, पोरीचे खिसे चाचपले.

"जीभ दाखव बघू."

जीभ बिटानं लालभडक होती. व्यवस्थापिकेनं यादीतलं नाव तसंच ठेवलं. मावशीला इतका आनंद झाला की डोळे पदरानं पुसावे लागले.

पोर मात्र खिडकीतून वाकून तिच्याकडे रोखून बघत होती.

"मावशी, आता तुमची दाखवा."

मावशीनं तोंड घट्ट मिटलं.