पिंजौरच्या फाटकापाशी

आमचे शेजारी मूळचे सांगलीचे, इथे पंजाबात डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यातून निवृत्त झालेले. प्राणिसंग्रहालयात गेले की वाघ-सिंहांकडे ढुंकून बघत नाहीत. थेट रखवालदाराला गाठून विचारतात, "जंगल में वापस कितने छोड़े, जी?" उत्तरावरून त्या जागेला पास-नापास करतात. बहुतेक नापासच.

परवा मला जवळच्या पिंजौरला, गिधाडं वाढवून जंगलात सोडणाऱ्या केंद्रावर घेऊन गेले. तिथेही तोच प्रश्न. चौकीदार म्हणाला, "छोड़े तो हैं, पर अंदर जाना मना है."

मला वाटलं, खूश होतील. ते फाटकाकडे पाठ करून उभे राहिले.

"गुरांच्या दुखण्यावरचं इंजेक्शन आम्ही बनवायचो. ते टोचलेली गुरं मेली की गिधाडं खायची आणि मरायची."

चौकीदाराला मराठी कळलं नाही; आत जाता येत नाही म्हणून हिरमुसले असं वाटून त्याला दया आली. "दूर से दिखा दूँ, साहब?"

"नहीं जी. वो मुझे न देखें, वही अच्छा."