नानांच्या घोड्याचा पट्टा

साखरेच्या आजारात माझ्या वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यातून निफाडजवळच्या आमच्या घरी आणलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून निजले. खिडकीकडे वळलं की द्राक्षबाग दिसायची, म्हणून खिडकीकडे पाठ. आम्ही त्यांना नाना म्हणतो. कोणी भेटायला आलं की नाना नुसतं "हं" म्हणायचे आणि आलेल्याने तेवढ्यात काय ते समजून घ्यायचं. नकली पाय बसवून झाला. तो ओट्यावर बरा चालायचा, पण बागेतल्या भुसभुशीत मातीत रुतायचा आणि जखम करायचा. शेवटी तो माळ्यावर गेला आणि नाना पुन्हा भिंतीकडे वळले.

त्यांना उठवलं ते एका भंगार गाडीने. त्र्यंबकच्या बाजूचं एक रिसॉर्ट बंद पडलं. तिथे पाहुण्यांना डोंगरात फिरवायला चारचाकी बाइक होत्या, जाड चाकांच्या. त्यातली एक भावाने फवारणीचे ड्रम ओढायला म्हणून आणली. गिअर नाही, क्लच नाही, ब्रेकसुद्धा हातात. नाना एका सकाळी कुबडी टाकून तिच्यावर बसले आणि द्राक्षांच्या दोन ओळींमधून सरळ निघून गेले. आई मागून ओरडत राहिली. परत आले तेव्हा त्यांच्या टोपीवर वेलाची पानं होती, आणि त्यांनी स्वतःहून चहा मागितला. गावाने त्या गाडीचं नाव नानांचं घोडं ठेवलं.

या गाडीत इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवतो तो एक रबरी पट्टा. तो तुटला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. आमच्या घोड्याचा पट्टा गेल्या वर्षी दसऱ्यानंतर, ऐन छाटणीच्या तोंडावर तुटला.

ऑक्टोबरची छाटणी म्हणजे आमच्याकडे वर्षाचा निकाल. कोणत्या काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, ठेवायचे हे तेव्हा ठरतं आणि मग वर्षभर बदलता येत नाही. पेठकडची मजुरांची टोळी येते, कात्र्या चालतात, आणि नाना पुढे होऊन काडी बोटांनी दाबून सांगतात, इथे काप. पाय गेल्यावरही घोड्यावर बसून त्यांनी हेच केलं होतं. आता पट्टा तुटल्यावर ते घरात आले, आडवे झाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. आईने मला नाशकात फोन केला. "बाई, काय बी कर. ह्या बारीला निजले तर हे उठायचे नाय."

भाऊ म्हणाला, "रविवारपर्यंत टोळी थांबवतो. पुढं नाय जमायचं." वर चिडवायचंही सोडलं नाही त्याने: "घोडं कुठं पेंड खातंय ते बघ तू. तू शिकलेली." मला राग आला. राग मला फार लवकर येतो, सासरी-माहेरी दोन्हीकडे त्याची ख्याती आहे. पण मी रजा टाकली.

नानांनी तुटलेला पट्टा पिशवीत घालून माझ्याकडे पाठवला. त्यावरचा नंबर पुसलेला. नाशकात द्वारका चौकापासून सातपूरपर्यंत मी दुकानं पालथी घातली. छताला शेकडो पट्टे लोंबत होते, पिठाच्या गिरणीचे, मळणी यंत्राचे, स्कूटरचे. माझा नव्हता. "गाडी कोणती?" दुकानदार विचारायचा. मी मोबाइलवर फोटो दाखवायचे. "मॅडम, ही तर खेळण्यातली आहे," एक जण हसला. मी त्याला म्हटलं, "खेळण्यातली असू दे, माझ्या वडिलांचा पाय आहे तो." तो बिचारा वरमला आणि दहा पट्टे काढून मापून बघू लागला. एकही बसेना. बाहेरून मागवायचा तर रविवार टळणार होता.

शेवटच्या दुकानात काउंटरवरच्या म्हाताऱ्या मालकाने पट्टा हातात घेतला, बोटं एकमेकांवर घासली. "हा तुटला नाही, मारला याला. तेल पाजलंय. रबराला तेल चालत नाही, फुगतो, घसरतो, जळतो." मी म्हटलं, इंजिनातून गळलं असेल. तो म्हणाला, असेलही.

गाडीत येऊन काचा लावल्या आणि पिशवीतून वास आला. तो इंजिनाचा वास नव्हता. निर्गुडीचा होता.

आमची आई तिळाच्या तेलात निर्गुडीचा पाला कढवते. रोज झोपताना दार लावून घेते आणि नानांच्या कापलेल्या पायाला ते तेल चोळते. त्या घरात अंथरुणाला, टॉवेलला, आईच्या पदराला तोच वास आहे.

मी तशीच निफाडला गेले. डोकं तापलेलं होतं. आई चुलीपुढे होती. विचारलं, "खंडेनवमीला गाडीची पूजा केलीस, तेव्हा तेल कुठं कुठं लावलंस?"

"समद्याला," ती कौतुकाने म्हणाली. खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कात्र्या, पंप, सगळं धुऊन तेल लावून पाटावर मांडतात. "घोड्याचं झाकण मेकॅनिकनं चिखल काढाया खोललं व्हतं ना, तर आतला पट्टा दिसला. लय कोरडा पडला व्हता गं, भेगा पडल्या व्हत्या. म्हटलं, ह्यांच्या पायाचंच तेल लावावं. दोन येळा जिरवलं. तरी बघ, कुणाची नजर लागली."

माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. नानांच्या अंगठ्याला चपलेचा फोड आला, तो चिघळेपर्यंत तिने पाहिला नाही, हे ती आजही स्वतःला लावून घेते. पाय माझ्यामुळं गेला, असं ती मला एकदा म्हणाली होती. आता घोडंही तुझ्यामुळंच गेलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी ताक प्यायले आणि परत निघाले. रस्ताभर मला रडू येत होतं, आणि ते तिच्यासाठी होतं की नानांसाठी, मला सांगता येणार नाही.

पट्टा शेवटी मिळाला तो हरसूलच्या वाटेवर. रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा उरलेल्या गाड्या कोणी नेल्या, ते भावाने शोधून काढलं. एका शेतकऱ्याच्या पडवीत तशीच बाइक उभी होती, सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. इंजिन खलास, पण पट्टा शाबूत. त्या माणसाला मी पायाची गोष्ट सांगितली. कोंबडी उचलून त्याने पाटीत ठेवली आणि पाना आणायला आत गेला.

रविवारी सकाळी अंगणात पट्टा बसवला. टोळीतली माणसं कात्र्या घेऊन उभी होती. नाना द्राक्षांचं प्लास्टिकचं कॅरेट उपडं घालून त्यावर बसले होते, दाढी केलेली, टोपी धुतलेली. मेकॅनिक झाकण लावणार तेवढ्यात आई आली. हातात ताट, त्यात हळद, कुंकू आणि तेलाने काठोकाठ भरलेली वाटी.

"थांब रे. नवा पट्टा हाय, कोरडा नको."

मी एक पाऊल पुढे टाकलं. मेकॅनिक माझ्याकडे बघू लागला. आई वाकलीसुद्धा.

"अगं ए," नाना म्हणाले, "आधी हिकडं ये. पाय लय ठणकतोय माझा."

"आत्ता? घरात चला मग."

"हितंच लाव."

आणि नानांनी पायजमा गुडघ्यावर घेतला, वरचा मोजा काढला. दवाखान्यातून आल्यापासून तो पाय त्यांनी आईशिवाय कोणालाही दिसू दिला नव्हता. मला नाही, भावाला नाही. आता तो पंधरा-वीस परक्या माणसांपुढे उघडा होता, लहान, गुळगुळीत, टोकाला जुन्या टाक्यांची मुरड पडलेला. टोळीतल्या बायांनी माना खाली घातल्या. आई गोंधळली, मग खाली बसली आणि चोळू लागली. तिच्या डोक्यावरून नानांनी मेकॅनिककडे पाहून झाकणाकडे हनुवटी हलवली. त्याने झाकण बसवलं आणि स्क्रू पिळायला घेतले.

नानांना कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही.

"झालं का?" आईने विचारलं.

"अजून लाव," नाना म्हणाले. वाटी पुरती रिकामी होईपर्यंत त्यांनी पाय झाकला नाही.