दोन ब्रेकची गाडी

मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "पार्किन्सनच्या माणसानं गाडी चालवावी की नाही, हे मी खुर्चीत बसून कसं सांगू? चालवून दाखवा." म्हणून भंडाऱ्याच्या फिजिओथेरपिस्ट बाई ड्रायव्हिंग स्कूलची दोन ब्रेकची गाडी घेऊन आमच्या गावी, करडीला आल्या. एक ब्रेक माझ्या पायाशी, दुसरा त्यांच्या. भंडारा जिल्ह्याचे फुटून दोन जिल्हे झाले त्या साली, पंचवीसेक वर्षांमागे, इथल्या शाळेत बदली होऊन आलो तेव्हापासून मी गाडी चालवतोय, आणि आता मुलीच्या वयाची ही बाई माझी परीक्षा घेणार! डोकं तापलं होतं.

खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मुलं पुण्यात. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, एसटीची पायरी तिला चढवत नाही. गाडी चालवणं सुटलं की आम्ही दोघं चार भिंतींत बंद. म्हणून मी लबाडी केली. गोळी बरोबर तासभर आधी घेतली, म्हणजे हात थरथरायला नको.

बायको मागे बसली. वळणं, गतिरोधक, समोरून आलेला धानाचा ट्रॅक्टर, सगळं झकास निभावलं. बाई कागदावर खुणा करत होत्या. मनातल्या मनात मी पास झालो होतो.

"काका, आता चालवता चालवता शंभरातून सात-सात वजा करत जा."

मला हसूच आलं. जन्मभर गणित शिकवलं मी. "त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर..."

गाडी गचकन थांबली. ब्रेक बाईंनी दाबला होता. डावी चाकं रस्ता सोडून खाली उतरली होती आणि पुढे दोन हातांच्या अंतरावर, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उभी होती. मला ती दिसलीच नव्हती. उत्तरं मात्र सगळी बरोबर होती.

"काकू, गाडीत तुम्ही दोघं बोलता का?" बाईंनी मागे वळून विचारलं.

"दोन वर्सं झाले, मी गाडीत बोलतच नाही," बायको म्हणाली. "मी बोलली का याईची गाडी खाली उतरते."

दोन वर्षं मला वाटत होतं, ही गाडीत बसली की मुद्दाम तोंड फिरवते. मीही हट्टाला पेटलो होतो. नाकाडोंगरीला तिच्या माहेरी जायचो, तोही सगळा रस्ता मुक्यानं. ती तेव्हा जीव मुठीत धरून बसलेली असायची. मला स्वतःची लाज वाटली.

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं गाडी बंद झाली असती. मंग कुठी जाणार होतो आपण?"

परत येताना बाईंनी गाडी चालवली. मी मागे बायकोशेजारी बसलो.

"बोल आता," मी म्हणालो. "मी नाही चालवून राहिलो."

तिनं माझा हात घट्ट धरला. नजर रस्त्यावरून काही हलवली नाही.

"आधी घरी पोचू द्या," ती म्हणाली.