दुसरा ‘लाभ’

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटारडे म्हणत आलो. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मी मापाडी आहे. जे मोजता येतं तेवढंच खरं मानतो. तरीही आज लिहायला बसलोय, कारण मागच्या आठवड्यात दादाच्या थोरलीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, माझी बायको बुंदी वाढत असताना दादा म्हणाला, “हिच्यापाशी लेकरू देऊ नका बरं का. डोंगरात इसरून येती!”

पंगत हसली. बायकोनं बुंदीचं पातेलं तिथंच ठेवलं आणि आत गेली. सहा वर्षं ती हे ऐकतेय... आता बास.

तर हिशेब असा. १९८७, दिवाळीची सुट्टी. दादा पेडगावला राहायचा, त्याची मॅटाडोर होती. मागची बाकं काढून आम्ही गाद्या टाकल्या, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप ठेवलं — चाकांवरचं घरच. गंगाखेडवरून राणीसावरगावच्या बाजूचे बालाघाटाचे डोंगर तीन दिवस फिरायचे, गाडीतच राहायचं. माणसं नऊ. पुढं दादा आणि मी. मधे चादरीचा पडदा. मागं दोघी जावा आणि पाच पोरं.

आमच्या धंद्यात पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. गाडी सुटताना मी तशीच माणसं मोजायचो. मी “मोजा!” म्हटलं की ज्यानं त्यानं आपला आकडा द्यायचा. सगळ्यात धाकटी माझी लता, पाच वर्षांची — ती ‘लाभ’.

वहिनी निघतानाच म्हणाल्या होत्या, “भावजी, जित्ती माणसं मोजू न्हाईत.”

“वहिनी, पोतं हरवलं तर भरून देता येतं,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी राणीसावरगावच्या पुढं, रस्त्याकडेच्या चिंचेखाली चहा केला. डोंगर हिरवेगार, खाली ज्वारीचे तुकडे. निघताना माझ्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. मी ओरडलो, “मोजा!” लाभ, दोन, तीन... नऊ. निघालो.

सहा किलोमीटरवर दरी बघायला दादा आणि मी उतरलो. मागचे लोळत होते. परत बसून मी मोजलं. “लाभ!” — खणखणीत. दादा हसला, “लती आज लय जोरात हाय रे!” हे त्याचे शब्द. नीट लक्षात ठेवा.

आणखी पाच किलोमीटर गेल्यावर पडद्यामागून बायकोचा आवाज आला, “जाऊबाई, लती तुमच्यापाशी हाय ना?”

“माझ्यापाशी? तुमच्याकडं झोपली न्हवं?”

गाद्या उचलल्या, गोधड्या झटकल्या. लता नव्हती.

अकरा किलोमीटर परत. दादा सगळी वाट बायकोवर तोंडसुख घेत होता — “आय हायस का कोन?” ती पडदा मुठीत धरून बसली. मी त्याला अडवलं नाही. त्या गोष्टीचा राग मला अजून स्वतःवरच आहे.

लता चिंचेखाली बसली होती. रडत नव्हती, चिडली होती. “अण्णा, किती वरडू? तुमी मोजायलेत, मी लाभ म्हनायले, अन् गाडी थांबतच न्हाई!”

“किती वेळा म्हणालीस?”

“दोनदा. तुमी दोनदाच इचारलं की.”

शेजारी सरपणाची मोळी टेकवून एक म्हातारी बसली होती. म्हणाली, “मोटार जाऊन लय येळ झाला व्हता, बाबा. मंग ही पोरगी मधीच उठली, मोकळ्या रस्त्याकडं बघून ‘लाभ’ म्हनली. मला वाटलं, याड लागलं काय लेकराला.”

दादा म्हणतो, पोरगी बाहेरून ओरडली. पहिल्यांदा ओरडली असेल. चिंच गाडीपासून दहा पावलांवर होती, मान्य. दुसऱ्यांदा? सहा किलोमीटरवरून? मागं बसलेल्या माझ्या पोराला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, आवाज गाद्यांच्या ढिगातून आला. पाचजण मागं होते, दोघी बायका आणि तीन... नाही, चारच पोरं. म्हणजे सहाजण. बघा, लिहितानाही हात चुकतो. पुढचे आम्ही दोघं धरून आठ. आठही जणांनी ऐकलं. आज दादाला विचारा, “मी काहीच ऐकलं न्हाई” म्हणतो. मग जोरात कोण होतं रे?

तो आवाज कोणाचा, मला माहीत नाही. त्या दिवसानंतर मी घरातलं माणूस मोजलेलं नाही. मोंढ्यात मात्र रोज ‘लाभ’ म्हणतो आणि रोज क्षणभर थांबतो.

पण एवढं पक्कं — आईनं लेकराचा आवाज ऐकला आणि लेकरू गाडीत आहे असं मानलं. यात तिची चूक कुठली? मोजणारा मी होतो. माप चुकलं असेल तर माझं. दादा, पुढच्या पंगतीत हसायचं असेल तर माझं नाव घे.