पडून राहिलो जी

नागपूरच्या न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, माझ्या एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "एमएस आहे."

मी म्हटलं, "असेल जी. पण आजार मले झाला, तुमची डिग्री काऊन सांगता?" आमच्या आमगावात एमएस डॉक्टरच्या पाटीवर असतं, पेशंटच्या अंगात नसतं.

मग त्यांनी नीट सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिथरतात आणि नसांवरचं आवरण कुरतडतात. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत कधी पोचतो, कधी वाटेतच हरवतो. हे समजावायला ते विजेच्या तारेचं उदाहरण देऊ लागले. मला! माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, शेतपंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं. अर्ध्या जिल्ह्याचं धान माझ्या गुंडाळलेल्या तारांवर पिकतं, उरलेल्या अर्ध्याचं नशिबावर. आणि शॉर्ट नेमका माझ्यातच झाला.

सुरुवात एका चपलेपासून झाली. एकदा घरी पोचलो तर बायको, वनिता, म्हणाली, "एक चप्पल कुठं आहे?" उजवा पाय अनवाणी होता आणि पायाला पत्ताच नव्हता. मग मान वाकवली की पाठीतून करंट जायला लागला. चहाच्या टपरीवर हे सांगितलं तर माझा मित्र भोजराज म्हणाला, "तोंडात बल्ब धरून पाह्य, पेटते का."

त्याचा दोष नाही. पुरात मगरीवर बसून मी बाघ नदी ओलांडली, हे त्याला मीच सांगितलं होतं. मगरीला नावसुद्धा होतं. अशा माणसाला आजारही असाच व्हावा, की त्याची लक्षणं ऐकून लोकांनी विचारावं, पुढं काय झालं?

इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, घरी कसं चाललंय? वनिता औषधाच्या खिडकीवर रांगेत होती. ती संधी साधून मी हळूच खरं ते सांगितलं, "साहेब, पडून राहिलो जी."

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि मला सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मनाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं.

माझं डोकं फिरलं. गोंदियात विचारलं तर सगळे हेच म्हणतील, वो पागलों का डॉक्टर. मला वाटलं, आजार खरा नाही असं यांना वाटत असणार. नाहीतर वनितानं काही कानात सांगितलं असणार. मागच्या वेळी ती डॉक्टरांशी व्हरांड्यात बोलत होती आणि मी दिसताच गप्प झाली होती. देवरीच्या जंगलात वाघाचे ठसे शोधावेत तसा मी तिचा चेहरा निरखत रांगेत बसलो.

मनाच्या तज्ज्ञ म्हणजे एक मॅडम होत्या. त्यांच्या खोलीत आधी कॅमेरा शोधला. मग टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा पाहिला. म्हणजे इथं रडवतात, हे पक्कं झालं. ठरवलं, एक अक्षर खरं बोलायचं नाही.

मॅडमनी वनितालाही बसवून घेतलं आणि सावकाश म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, तुम्ही दिवसभर पडून राहता. कशातच मन लागत नाही का?"

"मी? पडून राहतो? मी का अजगर आहो?"

वनिताही तापली. "कोन म्हणते जी? हे तर दिवसभर दुकानात रायतेत."

"त्यांनीच डॉक्टरांना सांगितलंय," मॅडम म्हणाल्या.

आळशी ठरणं मला सोसलं नाही. मी म्हटलं, "पडून राहतो नाही म्हटलं. पडून राहिलो म्हटलं. पडून राहिलो मंजे पडून राहिलो!"

मॅडमना दोन्हींत काही फरक दिसेना. पण वनिताला दिसला. तिनंच मॅडमना समजावलं, आवाज बारीक करून, "आमच्याकडं जेवून राहिलो मंजे जेवणं चालू आहे. पडून राहिलो मंजे पडणं..." आणि माझ्याकडे वळली. "कवापासून पडून राहिले तुमी?"

मी रुमालांचा डबा सरळ करू लागलो.

"मंजे तो बिबट्या नोयता," वनिता म्हणाली.

"कोणता बिबट्या?" मॅडमनी विचारलं.

धानाच्या बांधावर पडलो त्या दिवशी मी घरी बिबट्या सांगितला होता. संडासाजवळ पडलो तेव्हा नाग. दुकानात पडलो तेव्हा भूकंप, फक्त आमच्या गल्लीपुरता. एवढे प्राणी तर नवेगावच्या जंगलात नसतील. एकदा दिसलं की हा पडतो, तर दुरुस्तीला मोटार कोण आणणार आणि घरात माझं कोण ऐकणार, एवढीच धास्ती होती. ती त्या खोलीत तोंडातून निघाली. डब्यातला रुमाल वनितानं घेतला. मी नाही. मला घाम आला होता, म्हणून एक घेतला.

पुढं मॅडमकडे जात राहिलो. त्या उपचाराला सीबीटी म्हणतात, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. मनात आलेला विचार खरा आहे का, हे करून पाहायचं. आपल्यासारख्या आजारी भावाबहिणींना सांगतो, मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं म्हणजे आजार खोटा ठरत नाही. त्यानं नस दुरुस्त होत नाही, माझीही झाली नाही. पण पडण्याच्या भीतीनं मी जेवढा थकत होतो, तेवढा पडून थकत नव्हतो.

मॅडमनी सांगितलं, काठी घेऊन टपरीवर जा आणि काय होतं ते पाहा. गेलो. सरळ सांगितलं, पाय धोका देऊन राहिला. भोजराज म्हणाला, "मंग? मगर कुठं आहे?" नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी मोटारही आणून टाकली. ती जळाली होती की त्यानं मुद्दाम जाळली, याचा मला अजून संशय आहे.

त्या पुण्याच्या डॉक्टरांच्या चुकीचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या मराठीत "पडलो" म्हणेपर्यंत माणूस जमिनीवर असतो. आमच्या बोलीत पडता पडता सांगता येतं. आता पाय लटपटला की मी हाक मारतो, "पडून राहिलो", आणि वनिता बहुतेक वेळा पोचते.

परवा मी ओट्यावर नीट उभा होतो. तरी हाक मारली. ती धावत आली, दंड धरला, माझ्या पायांकडे पाहिलं.

"खोटं बोलून राहिले," म्हणाली. दंड मात्र सोडला नाही.