तुझं काम अक्षराचं

"तुझं काम अक्षराचं. डोक्याचं नाही."

सर हे भर ट्युशनमध्ये म्हणाले. मी फक्त एक प्रश्न विचारला होता. "सर, इक्विलिब्रियम आलं म्हणजे रिअॅक्शन थांबते का?"

सगळे हसले. एक मुलगा गुजरातीत म्हणाला, "सर, आने पण डॉक्टर थवुं छे." हिलाही डॉक्टर व्हायचंय म्हणे. सरांना चेव आला. म्हणाले, "तुमच्या लोकांना सीट मिळतेच की. समजून काय करणार?"

तुमच्या लोकांना. आमची जात त्यांना माझ्या नावाआधी माहीत होती.

ट्युशन बडोद्याच्या रावपुऱ्यात, सरांच्या घरी वरच्या मजल्यावर चालायची. अकरावी सायन्सची मुलं टेबलाभोवती बसायची. मी दाराजवळ चटईवर. माझी आई त्याच घरी धुणंभांडी, लादी करायची. तिनेच सरांना विनवलं होतं, पोरीला बसू द्या. सरांनी बसू दिलं. फी नको म्हणाले. फक्त त्यांच्या नोट्स माझ्या चांगल्या अक्षरात लिहून द्यायच्या. त्यांच्या झेरॉक्स टेबलावरच्यांना मिळायच्या. "आमच्या आजोबांनी राजाच्या शिक्षणखात्यात उभी हयात काढली, बडोद्यात शिक्षण आम्ही आणलं," असं सर सांगायचे. मला वाटायचं, किती मोठा माणूस.

मुलं ऐकायची. मी उतरवून काढायची. सर समजावून सांगत तेव्हा माझी मान खाली, मागच्या पानावर.

त्या दिवशी आई शेजारच्या खोलीत लादी पुसत होती. हसणं झालं तेव्हा फडक्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. मीही मान खाली घालून पुढची ओळ लिहिली. अक्षर जराही बिघडू दिलं नाही. याचाच मला नंतर सगळ्यात जास्त राग आला.

घरी आले. अख्खा धडा मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. आईला म्हटलं, थांब, तुला सांगते यात काय आहे. तोंड उघडलं. एक वाक्य निघालं नाही.

बसवेना, उठवेना.

पाठ्यपुस्तक काढलं. दहावीपर्यंत मी गुजराती शाळेत शिकले, आता सगळं इंग्रजीत. एक परिच्छेद वाचला. पुस्तक मिटलं. जे डोक्यात राहिलं ते लिहिलं. घरच्या मराठीत, मध्ये गुजराती, नावं इंग्रजीत. दोनच ओळी आल्या. पुस्तक उघडून पाहिलं, त्यातली एक चूक. ती खोडली. समासात प्रश्न लिहिला. परत वाचलं. परत मिटलं. घाणेरडी पानं. बाण, काट, शाईचे डाग. कुणाला झेरॉक्स काढून देता आली नसती. पण ती माझी होती.

रिअॅक्शन थांबत नाही. दोन्हीकडून सारख्याच वेगाने चालू राहते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं. हे मला कुणी सांगितलं नाही. मी वाचलं, मला समजलं.

पुढच्या ट्युशनला सरांनी नवा धडा माझ्यापुढे टाकला. "परवापर्यंत फेअर करून आण."

"मी लिहून देणार नाही, सर."

"काय?"

"मला शिकायचं आहे. टेबलाशी बसून."

सरांचा आवाज चढला नाही. "मग खाली उतर," एवढंच म्हणाले. मी चपला घातल्या आणि उतरले.

आई घरी येऊन माझ्यावर चिडली. "अगं, ते घर तोडून आलीस. आता मी तिथं कोणत्या तोंडानं जाऊ?" तरी दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. सरांच्या बायकोने तिला सांगितलं, मुलीला घेऊन या, सरांचे पाय धरायला लावा, आपण विसरून जाऊ. आईने हातातली बादली खाली ठेवली. म्हणाली, "ती नाही येणार, बाई."

काम सुटलं. नंतर तिला लांबची घरं मिळाली, पायपीट वाढली. तिने मला शाबासकी दिली नाही. मीही मागितली नाही.

बारावीत मला काही फार मोठे मार्क पडले नाहीत. ट्युशनमधली काही मुलं माझ्या अक्षरावर अभ्यास करून कुठे कुठे पुढे गेली. मी इथेच बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. बाबा नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात गोण्या उचलतात. त्या गोण्यांत काय असतं, त्यांच्या छातीत काय जातं, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलं नाही. ते मला शोधायचं आहे, आणि साध्या मराठीत, साध्या गुजरातीत लिहून त्या कारखान्याच्या गेटवर वाटायचं आहे.

वर्गात मी विचारते. कुणी हसतं. मी हसू थांबायची वाट बघत नाही, प्रश्न पुरा करते. उत्तर मिळालं नाही तर परत विचारते. मला गप्प करायचं असेल तर आता उत्तरच द्यावं लागेल.