भिंतीविना पडदा

पडदे शिवणाऱ्या काकू खिडकी स्वतः मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसत. गिऱ्हाईक फोनवर माप सांगू लागलं की त्या हूं हूं करत ऐकून घेत आणि शेवटी "येतेच मी" म्हणून टेप उचलत. त्यामुळे दुकानातल्या सगळ्यांनी मिळून रानात तंबू ठोकून राहायचं ठरलं, तेव्हा काकू आधी जागा बघून येणार हे कुणी सांगायला नको होतं.

बेत सुनेचा. दुकानाच्या ऑर्डरी तीच घेई, आणि ही जागाही तिनेच शोधून काढली होती. गर्द झाडीचं रान, मधे एक मोकळा तुकडा, आणि बाकी काही नाही. वीज नाही, नळ नाही, संडास तर नाहीच. पाणी हवं तर उतार उतरून हापशावर जायचं. प्रत्येक 'नाही' सांगताना सुनेचा चेहरा खुलत होता, जणू दागिनेच मोजून दाखवत होती. पडदे बसवणारा भाचा लगेच तयार झाला. त्याला जेवण वेळेवर मिळालं की कुठेही चालायचं.

गप्प राहिल्या त्या फक्त आक्का. काकूंनी एका मशीनवर दुकान थाटलं, तेव्हा त्या मशीनवर आक्काच बसल्या होत्या. आता महिनाअखेरीला काम सोडून त्या लेकीकडे दूरच्या गावी जाणार होत्या. सहल खरं तर त्यांच्यासाठीच होती, कुणी तसं बोललं नव्हतं इतकंच. आणि आक्काच म्हणाल्या, माझे गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या.

काकूंना हे झोंबलं. रोज दोन जिने चढून येणाऱ्या बाईचे गुडघे आत्ताच कसे दुखायला लागले? पण जागा पाहून आल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अडचण संडासाची. या वयात रात्री उठावं लागणार, आणि झाडाआड जायचं म्हणजे आक्कांसारख्या टापटिपीच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं. झालं, काकूंनी चंग बांधला. आक्कांसाठी रानात चारी बाजूंनी बंद खोली उभी करायची.

आक्का दुपारी जेवायला घरी गेल्या की काम सुरू. उजेड अडवणारं जाड कापड, आतून अस्तर, वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या दुमडीत वजनं, वर पितळी कड्या. आत यायच्या जागी दोन पडदे हातभर एकमेकांवर चढवले, फट म्हणून दिसायला नको. काकूंना झालरीचाही मोह झाला होता, पण सुनेनं कापडच लपवून ठेवलं.

संध्याकाळी गच्चीवर चाचणी घ्यायचं ठरलं. भाचा ड्रिल मशीन घेऊन वर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"मावशी, दांडी कशात बसवू?"

काकूंनी रानातली जमीन टेपनं मोजून आणली होती. पण तिथे भिंत नसते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर भिंत नेहमी गिऱ्हाइकाची असे. सून हसून हसून खाली बसली. मग तिनेच कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ताणून पडदे अडकवले आणि रानात चार झाडं धरू म्हणाली.

घरी निघालेल्या आक्कांना भाच्यानं हात धरून वर आणलं. कापडावरून हात फिरवताच त्यांना सगळं कळलं. "येडी कुठली," असं काकूंना म्हणत डोळे पुसून त्या आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून त्यांचा हात फिरेल तसं कापड हलताना दिसत होतं. भाच्याला वाटलं, शिलाई तपासताहेत.

काकू आत शिरल्या. वर उघडंच होतं, आत अजून बऱ्यापैकी उजेड होता. त्या समोर उभ्या असताना आक्कांचा चाचपडता हात त्यांच्या खांद्यावर आदळला.

"दिवस कलला की मला दिसत नाही गं," आक्का हळूच म्हणाल्या. "वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"मशीनवर बसू दिलं असतंस?"

बसू दिलं नसतं. काकूंना भरून आलं आणि स्वतःचा रागही आला. गावभरच्या खिडक्या मोजत फिरल्या, आणि शेजारच्या मशीनवर काय चाललंय ते दिसलं नाही.

"तिथे रात्री उठायचं झालं तर मला हाक मार," त्या म्हणाल्या.

"तुला जाग नाही आली तर?"

"मग हात धरूनच झोपू."

 मग आक्कांनी विचारलं, तिथे थंडी किती असते, एक स्वेटर पुरेल की दोन घेऊ.